डिस्क वाढवली, हलवली की व्हीएमचा बॅकअप तासन्‌तास का चालतो?

भोसरी_सर्व्हररूम | शुक्रवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा सेटअप आहे. प्रॉक्समॉक्स व्हीई ८ चा (व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर) एकच होस्ट, शेजारी वेगळ्या मशीनवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, मध्ये १ गिगाबिटची लाईन. बॅकअप रोज रात्री ११ ला, स्नॅपशॉट मोडमध्ये (व्हीएम चालू ठेवून).

व्हीएम १०४ : विंडोज सर्व्हर, ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचे सॉफ्टवेअर) आणि त्याचा डेटाबेस. हार्डडिस्कच्या पूलवर (एकत्र जोडलेल्या डिस्कचा गट) १०० जीबीची सिस्टीम डिस्क आणि ६०० जीबीची डेटा डिस्क. गेल्या शनिवारी डेटा डिस्क चालू मशीनवर १००० जीबी केली.

व्हीएम १०७ : लिनक्स फाइल सर्व्हर. २ टीबीची डेटा डिस्क, एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कची जागा वाटणारी यंत्रणा), जवळपास भरलेली. नवा एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) पूल आला म्हणून शनिवारी संध्याकाळी ७ ला त्यावर ३ टीबीची डिस्क जोडली आणि व्हीएमच्या आतून पीव्हीमूव्ह (डेटा एका डिस्कवरून दुसरीवर हलवणारी एलव्हीएमची आज्ञा) लावला. रविवारी दुपारी जुनी डिस्क काढली.

आधी १०४ ला ९ मिनिटे लागायची, १०७ ला १४. आता असे झाले आहे :

शनिवार रात्र : १०४ ला १ तास ३० मिनिटे, १०७ ला ४ तास १० मिनिटे.
रविवार रात्र : १०४ ला १० मिनिटे, १०७ ला २ तास १० मिनिटे.
सोमवार ते बुधवार : दोन्ही पहिल्यासारखे.
गुरुवार रात्र : १०४ ला १ तास ४० मिनिटे, १०७ ला १ तास २० मिनिटे.

गुरुवारी कशालाही हात लावला नव्हता. शिवाय बॅकअप लांबला की तिसऱ्या पाळीत ईआरपीची एंट्री अडकते. नेमके कुठे बघू?

---

कर्वेनगर_लिनक्स | सकाळी १०.१५

प्रत्येक रात्रीच्या टास्क लॉगमधल्या दोन गोष्टी टाका. एक, प्रत्येक डिस्कपुढची डर्टी बिटमॅपची (बदललेल्या भागांच्या नकाशाची) ओळ. दोन, शेवटी येणारा रीयूज्ड (सर्व्हरवर आधीच असलेल्या) आणि झिरो (कोऱ्या) डेटाचा आकडा. एकूण वेळेवरून काहीच कळत नाही. किती वाचले आणि किती पाठवले हे वेगळे दिसले की कारण तिथेच असते.

आणि गुरुवारी दिवसा होस्ट बंद होता का? आपल्याकडे मेंटेनन्ससाठी गुरुवारीच लाईट जाते म्हणून विचारतो.

---

भोसरी_सर्व्हररूम | सकाळी १०.५०

हो, गुरुवारी सकाळी ९ ला सगळे रीतसर शटडाऊन केले, संध्याकाळी ५.३० ला चालू केले. साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे कोणी नसते.

लॉगमधून :

शनिवार, १०४ : सिस्टीम डिस्क "ओके", काही जीबी डर्टी. डेटा डिस्क "एक्झिस्टिंग बिटमॅप वॉज इनव्हॅलिड अँड हॅज बीन क्लिअर्ड" (जुना नकाशा बाद). प्रत्यक्ष पाठवले सुमारे ११ जीबी.
शनिवार, १०७ : जुनी डिस्क "ओके". नवी डिस्क "क्रिएटेड न्यू" (नकाशा नव्याने बनवला). झिरो डेटा १.७६ टीबी. पाठवले सुमारे १.२४ टीबी.
रविवार, १०७ : नवी डिस्क "ओके", पण ३ टीबीपैकी ८०३ जीबी डर्टी.
गुरुवार : दोन्ही व्हीएमच्या सगळ्या डिस्क "क्रिएटेड न्यू", रीयूज्ड ९९ टक्के.

---

कर्वेनगर_लिनक्स | सकाळी ११.३०

एवढ्यावर उलगडा होतो. तुमच्याकडे तीन रात्री, तीन वेगळी कारणे आहेत. बॅकअप सर्व्हर बिघडलेला नाही.

आधी यंत्रणा. व्हीएम चालू असताना क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) प्रत्येक डिस्कसाठी एक नकाशा ठेवतो : मागच्या बॅकअपनंतर कुठल्या भागावर लिहिले गेले. हा डर्टी बिटमॅप. नकाशा शाबूत असेल तर फक्त खुणा केलेले भाग वाचायचे, म्हणून ९ मिनिटे. नकाशा नसेल तर अख्खी डिस्क वाचावी लागते, ४ एमबीच्या प्रत्येक तुकड्याचा शा-२५६ हॅश काढावा लागतो, आणि तो तुकडा सर्व्हरवर आहे का ते ताडावे लागते. असेल तर पाठवत नाही. म्हणजे नकाशा गेला की वाचन पूर्ण होते, पाठवणे मात्र पूर्ण होत नाही. हा फरक पक्का लक्षात ठेवा, पुढचे सगळे यावर आहे.

हा नकाशा क्यूईएमयूच्या प्रोसेसच्या मेमरीत असतो. व्हीएम शटडाऊन केली, प्रोसेस संपली, नकाशा गेला. गुरुवारचे उत्तर हेच. व्हीएमच्या आतून रीस्टार्ट केले तर प्रोसेस तीच राहते आणि नकाशा टिकतो. पण प्रॉक्समॉक्समधून रीबूट दिला, तर प्रोसेस नव्याने उठते (हार्डवेअर टॅबमधले प्रलंबित बदल त्यातच लागू होतात), तेव्हा गेला. बॅकअप स्टॉप मोडमध्ये घेत असाल तर तो रोजच जातो.

शनिवारी १०४ : डिस्कचा आकार बदलला. सर्व्हरवरच्या मागच्या प्रतीची अनुक्रमणिका ६०० जीबीची, समोर डिस्क १००० जीबीची. आकार जुळत नाही म्हणून जुना बिटमॅप बाद करून पूर्ण वाचन झाले. तुमच्या हार्डडिस्कच्या पूलवरून सेकंदाला १२० एमबी धरा : ६०० जीबीला १ तास २५ मिनिटे. वाढीव ४०० जीबी कोरे आहेत, ते झपाट्याने सरकतात. तुमची दीड तासाची वेळ बरोबर बसते. पाठवले फक्त ११ जीबी, म्हणजे नेटवर्कचा संबंधच नाही. हे एकदाच होते आणि व्हायलाच हवे.

१०७ चे प्रकरण वेगळे आहे, ते पेठेतल्या मंडळींसाठी सोडतो, एलव्हीएम त्यांचा विषय.

---

पेठेतला_अॅडमिन | दुपारी १२.२०

१०७ बद्दल.

पीव्हीमूव्ह शनिवारी ७ ला लागला. १०७ चा बॅकअप सुरू होईपर्यंत १२६६ जीबी हलले. तुमचा १.२४ टीबीचा आकडा तोच. उरलेले सुमारे ७८२ जीबी बॅकअप सुरू झाल्यावर हलले, म्हणून रविवारी रोजच्या बदलासकट ८०३ जीबी डर्टी दिसले. म्हणजे एकच स्थलांतर दोन रात्रींच्या बॅकअपमध्ये विभागले गेले, आणि पहिल्या रात्री स्थलांतर आणि बॅकअप एकमेकांना अडवत होते. पीव्हीमूव्ह चालू असताना त्या व्हीएमचा जॉब लागू देऊ नका.

पण खरा प्रश्न पुढे आहे. डेटा तोच होता, सर्व्हरवर आधीपासून होता, तरी २ टीबी नव्याने का पाठवले गेले? डीड्युप्लिकेशनने (सारखा तुकडा एकदाच साठवण्याने) ते वाचवायला हवे होते.

माझा अंदाज : जुन्या डिस्कवर पार्टिशन नव्हते, थेट अख्ख्या डिस्कवर पीव्ही (एलव्हीएमला दिलेली जागा) होता, नव्या डिस्कवर पार्टिशन करून त्यात पीव्ही केला. बघून सांगा.

---

भोसरी_सर्व्हररूम | दुपारी १२.४५

बरोबर. जुनी थेट डिस्क होती. नवीवर जीपीटी (पार्टिशनचा तक्ता), एक पार्टिशन, त्यात पीव्ही.

---

पेठेतला_अॅडमिन | दुपारी १.३०

मग हिशेब मांडतो.

एलव्हीएम पीव्हीच्या सुरुवातीला १ एमबी स्वतःच्या नोंदींसाठी सोडतो, त्यानंतर डेटा. जुन्या डिस्कवर डेटा १ एमबीपासून सुरू. नव्या डिस्कवर पार्टिशनच १ एमबीपासून सुरू झाले, त्यात आणखी १ एमबी, म्हणून डेटा २ एमबीपासून.

बॅकअप सर्व्हर डिस्क अगदी शून्यापासून ४-४ एमबीला कापतो. डेटा १ एमबीने सरकला की प्रत्येक कापात पहिल्यापेक्षा वेगळे बाइट येतात, प्रत्येक हॅश बदलतो. सर्व्हरच्या दृष्टीने एकही तुकडा ओळखीचा नाही. पोळ्यांची चळत तीच, पण सुरी बोटभर सरकून लागली तर तुकडे जुळणार कसे, तसे.

एलव्हीएमचा एक्स्टेंटही (जागावाटपाचा एक तुकडा) मुळात ४ एमबीचा असतो, म्हणून सरकणे ४ च्या पटीत असते तर तुकडे जुळले असते, फक्त सेगमेंटच्या कडेचे एखाददोन वगळून. पुढच्या वेळी यातले कुठलेही एक करा :

नव्या डिस्कवर पार्टिशन करू नका, थेट पीव्ही करा. जुन्यासारखाच १ एमबीचा आरंभ मिळेल.

किंवा पार्टिशन हवेच असेल तर ते १ ऐवजी ४ एमबीपासून सुरू करा. ४ अधिक १ म्हणजे ५. ५ ला ४ ने भागून बाकी १. जुनी बाकीही १. जुळले.

किंवा पार्टिशन १ एमबीवरच ठेवून पीव्ही बनवणाऱ्या पीव्हीक्रिएट आज्ञेला डेटा अलाइनमेंट ४ एमबी द्या. तेव्हाही डेटा ५ एमबीपासूनच येतो. हलवायच्या आधी पीव्हीएस या आज्ञेत पीई-स्टार्ट (पीव्हीत डेटा कुठून सुरू होतो) हा रकाना काढून खात्री करा.

आणि सर्वांत सोपे : व्हीएमच्या आत काही न करता प्रॉक्समॉक्समधूनच मूव्ह डिस्क वापरा, आकार नंतर वाढवा. तिथे बिटमॅप जातो, पूर्ण वाचन होते, पण डिस्क बाइट-बाइट तशीच राहत असल्याने पाठवणे नगण्य असते. तुमच्या एनव्हीएमईवरून २ टीबी वाचायला सव्वा तास लागतो हे गुरुवारी दिसलेच आहे.

---

बाणेर_स्टोरेज | दुपारी २.१०

वरच्या दोघांशी सहमत. क्रमाबद्दल जोड देते : हलवणे आणि वाढवणे दोन्ही करायचे असेल तर एकाच दिवशी, दोन बॅकअपच्या मध्ये उरका. शनिवारी हलवले, सोमवारी वाढवले, तर पूर्ण वाचन दोनदा. एकाच दुपारी केले तर एकदाच.

आता तिसऱ्या पाळीचा त्रास, कारण माणसे खोळंबतात ती तिथे. बॅकअप चालू असताना व्हीएमने अजून न वाचलेल्या भागावर लिहायला घेतले, तर क्यूईएमयू आधी तो जुना भाग बॅकअपकडे पोचवतो, मग लिहू देतो. बॅकअप सर्व्हर संथ असेल तर ईआरपीचे लिहिणे त्याच्या वेगावर येते. ९ मिनिटांत हे कोणाला जाणवत नाही, दीड तासात जाणवते.

यावर फ्लीसिंग आहे. प्रॉक्समॉक्स व्हीई ८.२ पासून मिळते. बॅकअप जॉबच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये फ्लीसिंग चालू करा आणि स्टोरेज म्हणून तुमचा एनव्हीएमई पूल द्या. मग जुना भाग आधी तिथे झटकन उतरतो आणि व्हीएम मोकळी होते. तिथून तो सावकाश सर्व्हरवर जातो. तीन गोष्टी सांभाळा. फ्लीसिंगचे स्टोरेज बॅकअप सर्व्हरपेक्षा वेगवान हवे, नाहीतर फायदा नाही. थिन (लागेल तेवढीच जागा घेणारे) आणि डिस्कार्ड (रिकामी जागा परत देणे) चालणारे हवे, म्हणजे वापरलेली जागा लगेच परत मिळते. आणि जागा मोकळी हवी : व्हीएमने बॅकअपदरम्यान खूप लिहिले तर तात्पुरती इमेज मूळ डिस्कएवढीही फुगू शकते.

१०४ ला व्हर्टआयओ स्कझी सिंगल कंट्रोलर आणि आयओ थ्रेड (डिस्कच्या कामाला वेगळा धागा) आहे का तेही बघा. नसेल तर बदल बंद-चालू केल्यावरच लागू होतो, म्हणून गुरुवारच्या शटडाऊनमध्येच करून टाका. वेगळे पूर्ण वाचन पडणार नाही.

---

भोसरी_सर्व्हररूम | दुपारी ३.००

पीई-स्टार्टचे कोडे सुटले, खूप आभार. गुरुवारचे काय करू? दर आठवड्याला बंद करावेच लागते. यूपीएस अर्ध्या तासाचा आहे.

---

कर्वेनगर_लिनक्स | दुपारी ३.२५

पूर्ण वाचन टळणार नाही, पण ते कधी व्हावे हे तुमच्या हातात आहे. गुरुवारी सुट्टी, संध्याकाळी ५.३० ला मशीन चालू, आणि तिसरी पाळी रात्री. मधले पाच तास रिकामे आहेत. याच दोन व्हीएमचा दुसरा जॉब फक्त गुरुवारी संध्याकाळी ६.३० चा लावा, त्याच डेटास्टोअरवर (बॅकअप सर्व्हरवरच्या साठवणीच्या जागेवर). एका होस्टवर एक जॉब व्हीएम एकामागून एक घेतो, म्हणजे १ तास ४० अधिक १ तास २०, साडेनऊला संपेल. नवा बिटमॅप तयार झालेला असेल, ११ चा जॉब मिनिटांत होईल.

प्रूनमध्ये (जुन्या प्रती गाळण्याच्या नियमात) कीप डेली असेल तर त्या दिवसाची शेवटची प्रत राहते, जादा प्रत आपोआप गळते.

दुसरा होस्ट घेतलात आणि तो जनरेटरवर असला तर बंद न करता लाइव्ह मायग्रेट करा, म्हणजे चालू व्हीएमच तिकडे हलवा. मायग्रेशनमध्ये बिटमॅप सोबत जातो.

एक चूक मात्र टाळा : सुरक्षितता वाढवायची म्हणून तीच व्हीएम आलटून पालटून दोन बॅकअप सर्व्हरवर घेऊ नका. बिटमॅप एका ठिकाणच्या मागच्या प्रतीशी बांधलेला असतो, लक्ष्य बदलले की तो बाद होतो. एका ठिकाणी बॅकअप घ्या आणि दुसऱ्या सर्व्हरवर सिंक जॉबने न्या.

---

हिंजवडी_फेज२ | दुपारी ४.१५

व्हीएमवेअर आणि त्याच्यासोबत वीम हे बॅकअप सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी समांतर माहिती, कारण हाच प्रश्न तिकडेही येतो.

तिथे नकाशाला सीबीटी म्हणतात, म्हणजे चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ४ पासून आहे, व्हर्च्युअल हार्डवेअर ७ किंवा पुढचे लागते. नकाशा डिस्कशेजारी सीटीके नावाच्या फाइलमध्ये राहतो, त्यामुळे नुसत्या शटडाऊनने जात नाही. वीमच्या जॉबमध्ये डिस्कच्या ओळीशेवटी चौकटी कंसात सीबीटी दिसले की नकाशा वापरला गेला. डिस्क वाढवल्यावर पहिल्या रात्री "सीबीटी डेटा इज इनव्हॅलिड, फेलिंग ओव्हर टू लेगसी इन्क्रिमेंटल बॅकअप" असा इशारा येतो. पूर्ण वाचन होते, पुढच्या रात्री गाडी रुळावर. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीही तोच इशारा राहिला तरच सीबीटी रीसेट करा.

रीसेट : व्हीएमवर एकही स्नॅपशॉट नको. व्हीएम बंद करा. कॉन्फिगरेशनमध्ये व्हीएमचे आणि प्रत्येक डिस्कचे सीटीके-एनेबल्ड फॉल्स करा. डेटास्टोअरमधल्या फक्त नावात सीटीके असलेल्या फाइल काढा. फ्लॅट किंवा डेल्टा नावाच्या फाइलला बोट लावायचे नाही, त्यात तुमचा डेटा आहे. व्हीएम चालू करा, पुढच्या जॉबमध्ये वीम सीबीटी स्वतः चालू करतो.

माझा आग्रह मात्र वेगळ्या गोष्टीचा आहे. डिस्क वाढवल्यावर बॅकअप संथ झाला तर घाबरू नका. संथ झाला नाही तर तपासा. व्हीएमवेअरच्या होस्टवरच्या जुन्या ईएसएक्सआय ४ आणि ५ मध्ये डिस्क १२८, २५६, ५१२ जीबी अशा सीमा ओलांडून वाढवली की सीबीटी चुकीचे भाग सांगायचा. ८.० अपडेट २ मध्ये चालू मशीनवर डिस्क वाढवल्यावर पुन्हा तसाच दोष निघाला, तो अपडेट २ बी मध्ये दुरुस्त झाला. अशा वेळी जॉब हिरवा दिसतो, वेगाने संपतो, आणि रीस्टोअर केल्यावर डेटाबेस उघडत नाही. म्हणून डिस्क वाढवल्यावर एक अॅक्टिव्ह फुल (नव्याने पूर्ण बॅकअप) घ्यायचा आणि एक रीस्टोअर करून बघायचा.

---

एनडीए_रोड | संध्याकाळी ५.०५

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये २०१६ पासून असाच नकाशा आरसीटी नावाने आहे, व्हीएमची कॉन्फिगरेशन आवृत्ती ८ च्या खाली राहिली असेल तर तो चालत नाही. जुन्या सर्व्हरवरून आणलेल्या व्हीएममध्ये हे हमखास राहून जाते.

१०४ विंडोज आहे म्हणून आणखी दोन मुद्दे. नवी डिस्क फॉरमॅट करताना क्विकच निवडा. फुल फॉरमॅट सगळीकडे शून्ये लिहितो, शून्यांचे तुकडे पाठवले जात नसले तरी सगळी डिस्क डर्टी होते आणि वाचावी लागते. आणि ऑप्टिमाइझ ड्राइव्हजचे साप्ताहिक वेळापत्रक बघा. विंडोजला ती हार्डडिस्क वाटत असेल तर डीफ्रॅग ब्लॉक इकडचे तिकडे करतो आणि त्या रात्री डर्टीचा आकडा उडी मारतो. डिस्कला डिस्कार्ड आणि एसएसडी एम्युलेशन द्या, मग तो मुख्यतः ट्रिम करतो (रिकामी जागा कळवतो).

डेटाबेसचा स्वतःचा रात्रीचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत एका फाइलमध्ये) त्याच डेटा डिस्कवर पडतो का? कॉम्प्रेस केलेला डंप रोज नवा असतो, डीड्युप होत नाही.

---

भोसरी_सर्व्हररूम | संध्याकाळी ५.३०

पडतो. रोज १०.३० ला, साधारण ८ जीबी. ११ जीबीमधले ८ तिथेच गेले तर.

---

बाणेर_स्टोरेज | संध्याकाळी ५.५०

त्याला वेगळी छोटी डिस्क द्या आणि हार्डवेअर टॅबमध्ये तिच्यावरची बॅकअपची खूण काढा. अट एवढीच की डंपची प्रत दुसऱ्या मार्गाने बाहेर जात असली पाहिजे, नाहीतर व्हीएमसोबत तोही जाईल.

तातडीचे एक : डेटास्टोअरची जागा बघा. १०७ चे जुने २ टीबी आणि सरकलेले नवे २ टीबी, दोन्ही आत्ता तिथे आहेत. जुन्या प्रती प्रूनमध्ये गळेपर्यंत जागा सुटणार नाही, आणि गळल्यावरही गार्बेज कलेक्शन २४ तास ५ मिनिटांपेक्षा जुने, कोणी न वापरलेले तुकडेच काढते. भरायला आले तर डॉट-चंक्स फोल्डरमध्ये जाऊन हाताने काहीही उडवू नका. एकच तुकडा अनेक व्हीएमच्या अनेक प्रती वापरत असतात, कुठली प्रत मोडली ते रीस्टोअरलाच कळेल.

---

भोसरी_सर्व्हररूम | पुढचा शुक्रवार, सकाळी ९.२०

काल केलेले बदल आणि आकडे.

शटडाऊनमध्ये १०४ ला आयओ थ्रेड, डिस्कार्ड, एसएसडी एम्युलेशन दिले. डंपला ४० जीबीची वेगळी डिस्क, बॅकअपमधून वगळलेली, डंप १०.५० ला दुसऱ्या मशीनवर कॉपी होतो. फ्लीसिंग एनव्हीएमई पूलवर.

गुरुवार ६.३० चा जॉब : १०४ ला १ तास ३८ मिनिटे, १०७ ला १ तास १९ मिनिटे, सगळीकडे "क्रिएटेड न्यू", रीयूज्ड ९९ टक्के.
११ चा जॉब : १०४ ला ३ मिनिटे, १०७ ला ५ मिनिटे. दोन्ही "ओके".

डेटास्टोअर ८१ टक्के भरले आहे. कीप वीकली ४ आहे, म्हणजे जुन्या डिस्कच्या प्रती आणखी तीन आठवडे राहतील. तेवढे पुरेल की १०७ च्या जुन्या प्रती आत्ताच काढू?

---

बाणेर_स्टोरेज | सकाळी ९.५५

आत्ता काढू नका. आधी १०७ च्या नव्या डिस्कच्या प्रतीवर व्हेरिफाय (तुकडे शाबूत आहेत का ते तपासणे) चालवा, मग एक फोल्डर फाइल रीस्टोअरने बाहेर काढून उघडून बघा. दोन्ही नीट झाले आणि जागा ९० टक्क्यांच्या पुढे गेली, तर जुन्यांपैकी सर्वांत आधीची साप्ताहिक प्रत काढा. व्हेरिफाय रात्रीच्या जॉबच्या वेळी लावू नका, तोही बॅकअप सर्व्हरच्या त्याच डिस्कवरून वाचतो. शनिवारी सकाळी लावा.